निरूपण, चित्रमुद्रण आणि दंभ

निरूपण करणाऱ्याचा भाव खरा की दाखविलेला, हे श्रोत्याने कशावरून ओळखावे? प्रश्न जुनाच आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत आश्रमांतील निरूपणे यूट्यूबवरून घरोघरी जाऊ लागली, तेव्हापासून तो आम्हा भिक्षुकांच्या दारात येऊन बसला आहे. सभामंडपातील निरूपणकाराची भिक्षा, त्याचा आचार, त्याचे रागलोभ वासनिक वर्षानुवर्षे पाहत असतात. पडद्यावर मात्र अर्ध्या तासाचा चेहरा तेवढा दिसतो, आणि तेवढ्यावरच श्रद्धा बसते.

अशी श्रद्धा कशी दुखावते याचे एक उदाहरण याच माध्यमाच्या बाल्यावस्थेतील आहे. २००६ च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘लोनलीगर्ल१५’ या नावाने ब्री नामक सोळा वर्षांची मुलगी आपल्या खोलीत बसून मनातले बोलू लागली. हजारो लोकांनी तिला आपली मानले. सप्टेंबरात उघड झाले की ती जेसिका रोझ नावाची अभिनेत्री असून बोलणे दुसऱ्यांनी लिहून दिलेले आहे. पुष्कळ प्रेक्षक संतापले. तरी ती मालिका २००८ पर्यंत चालली व लोक ती पाहत राहिले! यावरून अभिनयाचा त्यांना विटाळ नव्हता, हे स्पष्ट होते. मग दुखले कोठे? आमच्या मते ते पत्रोत्तरांत. एकाकी माणसांनी ब्रीला लिहिले, आणि तिच्या नावाने त्यांना उत्तरे देणारी व्यक्ती तिसरीच होती.

आपल्याकडचा बहुरूपी पाहा. तो पोलिसाच्या वेषात दारी येतो, वॉरंट आणल्याचे सांगून दरडावतो, मुले घाबरतात. आणि लगेच तो हात पुढे करून बिदागी मागतो. सोंग पुरे होण्याच्या आत सोंगाची कबुली मिळालेली असते. त्याला दंभ म्हणता येत नाही. नसलेला भाव असल्यासारखा दाखवून त्याबद्दल पूज्यता घेणे, हा दंभ होय. व्यवहारालाही हे कळू लागले आहे. पैसे घेऊन वस्तूची स्तुती करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, असा दंडक भारतातील जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातला.

आपल्या परंपरेत हा दंडक फार आधीचा आहे. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. पुढे मूळ पोथी नष्ट झाली व स्मरणातून पुन्हा लिहावी लागली, असे परंपरा सांगते. तेव्हा आठवणी जुळल्या नाहीत, तेथे हिराइसांचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा, असे त्या त्या नावाने ‘शोधु’ म्हणून नोंदले गेले. सर्व पाठ गुळगुळीत करून एकच सांगता आला असता. पण ऐकणाऱ्याला आपण कोणाच्या मुखाने बोलत आहोत ते कळलेच पाहिजे, अशी त्या थोरांची धारणा होती.

आता स्वतःचे सांगणे भाग आहे. ससिक-रक्षणाची लीळा आम्ही चित्रमुद्रणासाठी निरूपण करीत होतो. भ्यालेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरतो, त्या ठिकाणी आमचा कंठ दाटला. संपल्यावर यंत्र सांभाळणारा मुलगा म्हणाला, “बाबा, आवाज आलाच नाही. पुन्हा घ्यावे लागेल.” दुसऱ्या वेळीही त्याच ठिकाणी कंठ दाटला. तो लीळेच्या स्मरणाने दाटला, की मघाशी येथे दाटला होता या आठवणीने? आम्ही प्रामाणिकपणे शोधले आणि उत्तर सापडले नाही. पाहणाऱ्यांनी नेमक्या त्याच क्षणाची वाखाणणी करून दंडवत प्रणाम लिहून पाठविले. ते वाचताना सुख वाटले. त्या सुखाविषयी मात्र आम्हाला काहीच संशय नाही; तो विकारच होता.

पुढच्या निरूपणाच्या आरंभी घडले ते सांगितले. काहींना रुचले नाही. अशाने नव्या उपदेशींच्या मनात विकल्प येतो, असे एका ज्येष्ठ महंतांनी बजावले. त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. दोन दिवसांनी एका वृद्ध वासनिक बाईंचा फोन आला. त्यांनी खऱ्या-खोट्याचे काहीच विचारले नाही. “बाबा, पहिल्यांदा डोळे भरले ते नेमके कोणत्या शब्दापाशी?” एवढेच विचारले. आम्ही पोथी सोडून ते ठिकाण त्यांना वाचून दाखविले.