गळ ओढल्यानंतर

मृगाचा पाऊस चंदगडात लागला की ताम्रपर्णीचं पाणी गढूळ होतं, ओढे भरून वाहतात आणि मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. हेच चढणीचे मासे, अंडी घालायला उथळ, नव्या पाण्याकडे चाललेले. नेमके याच दिवसांत ओढ्याकाठी आणि बंधाऱ्यांखाली गळ पडतात, कुणाचे कालवणासाठी, कुणाचे हौसेसाठी. मासे धरूच नयेत असं मी म्हणणार नाही. या मुलुखाच्या जेवणात मासा पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझं मागणं गळ ओढल्यानंतरच्या एक-दोन मिनिटांपुरतं आहे.

खायचा की सोडायचा, हे गळ टाकण्याआधी ठरलेलं असावं. खायचा असेल तर मासा लगेच मारावा, डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर एकच जोराचा टोला. पिशवीत टाकलेला मासा कितीतरी वेळ तडफडत राहतो आणि त्या तडफडण्यातून कुणालाच काही मिळत नाही. ‘माशाला काय कळतंय’ हे उत्तर आता पुरत नाही. ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं, तेव्हा मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या अर्थावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण शंका असेल तर तिचा फायदा माशाला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

सोडायचं काम त्याहून नाजूक. पाण्यात परत गेला म्हणजे जगला, असं आपण धरून चालतो. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये दमवलेल्या ट्राउटवर हे तपासलं. पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि मिनिटभर ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला. आपल्या माशांना हेच आकडे लागू होतील असं नाही. पण पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास कोंडतो, हे रोहू-कटल्याचंही खरं आहे. मरळीसारखे काही मासे हवेतून श्वास घेऊ शकतात. बाकीच्यांना हवेत धरून काढलेला आपला एक फोटो फार महाग पडतो.

म्हणून गळ पाण्यातच सोडवावा. त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केला, तर गळ अलगद निघतो आणि जबडा फाटत नाही. हात ओले करून मगच मासा धरावा. अंगावरची बुळबुळीत साय हे त्याचं रोगांपासूनचं कवच. कोरड्या हातानं, बंधाऱ्याच्या तापलेल्या काँक्रीटवर ती निघून जाते. गळ घशाखाली गेला असेल तर उपसू नये. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा. आतडं फाटण्यापेक्षा गळ आत राहिलेला बरा.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो गाभोळी भरलेल्या मादीसाठी. चढणीच्या दिवसांत हाताला तीच जास्त लागते आणि गाभोळी चवीला आवडते, हे मला ठाऊक आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखावर अंडी देते. महसीरची त्यामानाने फारच थोडी. अशा भरलेल्या मादीला जाऊ द्यावं. मुठीत आवळू नये, पोटावर दाब आला की अंडी गळतात. पोटाखाली तळहाताचा नुसता आधार, तोंड प्रवाहाकडे, आणि ती स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबायचं. त्यासाठी पुराच्या पाण्यात उतरायची गरज नाही. काठाच्या संथ पाण्यात, मनगटापर्यंत हात बुडवून हे होतं.