अंग आंबतं तेव्हा

दिवसभर वाकून भात लावून आलेली बाई रात्री म्हणते, "अंग आंबून गेलंय." वारीत चालणाऱ्यांचे पाय आंबतात. दूध आंबतं, इडलीचं पीठ आंबतं, आणि राबलेलं शरीरही आंबतं. मराठीने या सगळ्याला एकच क्रियापद ठेवलं आहे. लहानपणापासून ते कानावर होतं, पण त्याच्या पोटात एक शास्त्रीय कल्पना दडली आहे हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनीही हीच जोडी लावली होती: दह्यातलं आम्ल आणि थकलेल्या स्नायूतलं आम्ल एकच. जोडी बरोबर होती. तिच्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकला, आणि तो सुधारायला शंभरावर वर्षं गेली.

सुरुवात दुधातच झाली. स्वीडनमधला औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शीले याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळं काढलं. लॅटिनमध्ये दुधाला 'लॅक' म्हणतात, त्यावरून ते लॅक्टिक आम्ल झालं. आपल्या घरात रोज रात्री हीच क्रिया होते. गाईच्या कासेत रक्तातल्या ग्लुकोजपासून लॅक्टोज ही साखर तयार होते. विरजणातले जिवाणू ती साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल मागे ठेवतात. आम्लता वाढत जाऊन सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि दही लागतं. सकाळी भांडं तिरकं केलं तर दही हलत नाही, कडेला फक्त पिवळसर निवळी दिसते. ते आम्ल तिथेच राहतं. ते खाणारं त्या भांड्यात कुणी नसतं, म्हणून तर दही टिकतं.

१८०७ मध्ये बर्झेलियस या दुसऱ्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला तेच आम्ल शिकारीत पळवून मारलेल्या हरणांच्या मांसात सापडलं. जनावर जितकं दमलेलं, तितकं आम्ल जास्त, असं त्याचं मत झालं. पुढे १८४३ मध्ये जर्मनीतल्या योहान योझेफ शेरर या वैद्याने बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल नोंदवलं. दुधावरून नाव पडलेलं आम्ल पहिल्यांदा माणसाच्या रक्तात सापडलं ते तान्ह्या बाळांना मागे ठेवून गेलेल्या आयांच्या. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी थोडा वेळ बसून राहिलो.

दमलेलं हरिण, मेलेली बाळंतीण. जिथे सापडावं तिथे हाल. मग आम्लाची ओळख हालांवरूनच ठरली, यात नवल नाही.

१९०७ मध्ये केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूवर जे काम केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम वाटतं. त्याआधीच्या संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. कारण साधं होतं. स्नायू कापताना, कुटताना, हाताळतानाच त्यात आम्ल तयार होई. या दोघांनी स्नायू बर्फासारख्या गार अल्कोहोलमध्ये टाकून त्यातली सगळी क्रिया तिथल्या तिथे थांबवली आणि मग मोजलं. आता चित्र स्वच्छ दिसलं: दमलेल्या स्नायूत आम्ल साठतं, आणि त्याच स्नायूला प्राणवायू दिला की ते नाहीसं होतं.

'साठतं' हा अर्धा भाग जगाने उचलला. 'नाहीसं होतं' या अर्ध्याकडे दुर्लक्ष झालं. नाहीसं होऊन ते जातं कुठे, हा प्रश्न तेव्हाच लावून धरायला हवा होता. पुढे संशोधक मायरहॉफ यांनी त्याचा माग काढला, काही आम्लाचं पुन्हा ग्लायकोजेन होतं हे दाखवलं, आणि त्यांना व ए. व्ही. हिल यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. तरी 'प्राणवायू कमी पडला की लॅक्टिक आम्ल होतं आणि त्याने स्नायू थकतो' हे सूत्र शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी विषप्रयोगाने आम्ल तयारच होऊ न दिलेला स्नायू आकुंचन पावताना दाखवला. तो स्नायूही शेवटी थकला, लॅक्टिक आम्लाशिवाय.

कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने १९२९ मध्ये दाखवलं की स्नायूतलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप, रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि ते स्नायूकडे परत येतं. मग १९८० च्या दशकात बर्कली इथल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. लॅक्टेट प्राणवायू भरपूर असतानाही सतत तयार होत असतं, आणि एका पेशीने बनवलेलं दुसरी पेशी इंधन म्हणून जाळते. धावताना पायाचे स्नायू ते बनवतात, हृदय ते आवडीने खातं, मेंदूही घेतो. ब्रूक्स यांना सुरुवातीला कडवा विरोध झाला. आज त्यांचं म्हणणं पाठ्यपुस्तकात आहे.

मला हे बाजार समितीच्या भाषेत समजतं. मालाची आवक किती, एवढ्यावर भाव ठरत नाही, उठाव आहे का तेही बघावं लागतं. रक्तातलं लॅक्टेट वाढलं, म्हणजे एक तर आवक वाढली किंवा उठाव घटला. शंभर वर्षं फक्त आवक मोजली गेली.

आणि अंग आंबणं? धावून झाल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. तोवर लॅक्टेट केव्हाच खर्ची पडलेलं असतं. मैदानावर आजही मुलांना 'लॅक्टिक ॲसिड साठलंय, चोळून काढ' असं सांगितलं जातं. ते थांबायला हवं.

पण म्हणून हे आम्ल निरुपद्रवी ठरतं असं नाही. माझ्या मामाच्या गोठ्यात एका लग्नानंतर उरलेला भात आणि पोळ्या म्हशीपुढे टाकल्या गेल्या. अन्न वाया जाऊ नये एवढाच हेतू होता. संध्याकाळी तिचं रवंथ बंद पडलं, रात्री ती दात खात उभी राहिली, पहाटे बसली ती मान कुशीकडे टाकून. पशुवैद्यांनी नळीने सोडा दिला, सलाइन लावली. उशीर झाला होता. कोठीपोटात एरवी चारा हळूहळू कुजतो आणि सामू सहा-सातच्या दरम्यान राहतो. पिष्टमय अन्नाचा ढीग एकदम आला की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू बेसुमार वाढतात, ते आम्ल खाणारे जिवाणू मागे पडतात, आणि सामू पाचाच्या खाली जातो. आवक अफाट, उठाव शून्य. त्याच मामाच्या अंगणात तेव्हा मक्याच्या मुरघासाच्या पिशव्या रचलेल्या होत्या. हवाबंद दाबलेला तो चारा महिनोन् महिने टिकतो, तोही याच आम्लाने. पिशवीत जे चाऱ्याला राखत होतं, त्यानेच म्हैस नेली.

दोन वर्षांपूर्वी माझी मावशी न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होती. संसर्ग रक्तात पसरला होता. दर काही तासांनी रक्ताची तपासणी होई आणि बाहेर बसलेल्या आम्हाला एक आकडा कळे. निरोगी माणसात लॅक्टेट लिटरमागे एक मिलिमोलच्या आसपास असतं. मावशीचं पाचाच्या वर होतं. दुसऱ्या दिवशी तरुण निवासी डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "काका, लॅक्टेट उतरतंय." मला तेव्हा शेरर आठवला.

तो आकडा उपयोगाचा आहे. २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्टिक शॉक ठरवताना लॅक्टेट दोनच्या वर असणं ही एक अट आहे. पण त्याचा अर्थ पुन्हा बदलतो आहे. गंभीर आजारात ॲड्रिनालिनच्या जोराने पेशी प्राणवायू मिळत असतानाही लॅक्टेट बनवतात, आणि थकलेलं यकृत ते उचलत नाही. प्रत्येक वाढलेला आकडा पेशी गुदमरल्याचा पुरावा नसतो. दक्षिण अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांत एक चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४२४ रुग्णांपैकी काहींचे उपचार लॅक्टेटच्या आकड्यावर चालवले. इतरांचे चालवले बोटाच्या टोकावर काच दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परततो त्यावर. बोट बघण्याच्या गटात मृत्यू कमी झाले, ३४.९ टक्के विरुद्ध ४३.४ टक्के, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. तरी बोट बघणं कुठेच कमी पडलं नाही, आणि त्याला यंत्र लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात ही गोष्ट फार मोलाची आहे.

मावशीच्या खाटेशेजारी एक बाटली लटकत होती. सेंट लुइसचे बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी १९३० च्या दशकात, अतिसाराने रक्त आम्लधर्मी झालेल्या मुलांसाठी, रिंगर नावाच्या क्षारद्रावात सोडियम लॅक्टेट मिसळलं. यकृत ते लॅक्टेट वापरतं आणि त्या ओघात रक्तातलं आम्ल कमी होतं. ती बाटली याच द्रावाची होती; आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातही सगळे तिला 'आरएल' म्हणतात. घरातल्या कुणाला ती लागली, तर लेबल वाचून बघा. त्यावर रिंगरच्या नावापुढे लॅक्टेट लिहिलेलं असतं, आणि एका लिटरमध्ये ते सुमारे २८ मिलिमोल असतं.