न वाचता घातलेली बंदी

एखादे पुस्तक लोकांनी वाचू नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणास असावा, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु जो ते ठरवितो त्याने निदान स्वतः ते वाचलेले असावे, याविषयी दुमत नसावे. अनुभव मात्र निराळाच येतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर इंग्रज सरकारने १९०९ साली, तो छापून बाहेर पडण्यापूर्वीच बंदी घातली. परकीय सत्तेची भीती आपण समजू शकतो. स्वराज्यातील सरकारकडून आणि आपणा स्वतःकडून अपेक्षा अधिक असते.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना शिवछत्रपतींचे नाव हेच माहेर आहे. म्हणूनच जेम्स लेन यांच्या पुस्तकातील मजकुराची वार्ता कानी आली तेव्हा आम्हांसही वेदना झाल्या. परंतु प्रकाशकाने ते पुस्तक २००३ सालीच भारतातून मागे घेतले होते. ते वाचून मत बनविणे बहुतेकांना शक्यच नव्हते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि तेथील अमोल ग्रंथसंपदेची नासधूस झाली. त्याच महिन्यात राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती रद्द ठरविली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दाद मागणारे ना लेखक होते, ना प्रकाशक.

गुजरातेतही २००९ च्या ऑगस्टमध्ये जसवंतसिंह यांच्या जिनांवरील सहाशेहून अधिक पानांच्या ग्रंथावर, प्रकाशनानंतर दोनच दिवसांत बंदी आली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बंदीस आवश्यक अशी कारणे अधिसूचनेत नमूद नव्हती. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये असलेला आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आलेला हा अधिकार, आपल्या मताची कारणे नमूद करण्याचे बंधन शासनावर घालतो. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या अटीचे मोल कळते. कागद वाचल्यावाचून त्यावर सही करू नये, हा कचेरीतला पहिला धडा होय.

काही लिखाण खरोखर दंगल पेटविणारे असते आणि तेथे शासनाने स्वस्थ बसावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु भावना दुखावणे आणि हिंसेस चिथावणी देणे यांतील भेद वाचल्याखेरीज करता येत नाही. आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागे, मगच त्याचे खंडन होई. ज्याचा पूर्वपक्षच जप्त झाला त्याचे खंडन कोण, कशाचे करणार? असत्य तसेच राहते आणि वर त्याला गूढतेचे वलय लाभते.

आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांतही अधूनमधून अमुक पुस्तक कपाटातून काढावे अशी सूचना येते. सूचना करणाऱ्याचा अवमान करू नये; त्याची वेदना खरी असू शकते. त्यास आदराने एवढेच विचारावे, की आक्षेप कोणत्या पानावर आहे? मग ते पान दोघांनी मिळून, मागच्यापुढच्या पानांसह वाचावे.