अंगठ्याला विचार

पावसाळा नुकताच सरला होता. सांगलीचा एक तरुण जुनी गिटार पाठीला लावून मिरजेत एका सतार बनवणाऱ्या चाचांच्या दुकानात आला. गिटार वडिलांची. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या हातात लाकडात भरायच्या तयार लांबीची ट्यूब होती.

"चाचा, नेकवर सात खड्डे पडलेत. असे भरा की कुणाला कळता कामा नये."

मिरजेतली सतारी बनवण्याची कला एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातून सुरू झाली. तलवारीच्या पात्यावर फिरणारा हात भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर फिरू लागला. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तारांना झणकार देणारी घोडीची जवारी मात्र आजही कानानंच लावली जाते. चाचा त्याच परंपरेतले. त्यांनी तारा सैल केल्या, चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि गिटारच्या दांडीमागून अंगठा फिरवला. (नेक वगैरे ते म्हणत नाहीत. वाद्य कुठलंही असो, त्यांच्या लेखी ती दांडीच.)

"दिसतात सात. अंगठा पाच ठिकाणी अडतो. त्यातले तीन तर खड्डेच नव्हेत. इथं लाकूड दबलंय, गेलेलं नाही."

त्या तीन जागांवरचं पॉलिश कधीच झिजून गेलं होतं, म्हणून पाणी आत मुरणार होतं. चाचांनी ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर तापलेल्या इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवलं. वाफ शिरली. पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा. दबलेल्या नसा पाणी पिऊन फुगल्या आणि खळगे हळूहळू वर आले. तिथं लांबी भरली असती, तर धडधाकट लाकडावर कायमचं ठिगळ बसलं असतं.

दोन जागी मात्र नस तुटून लाकूड खरंच निघालं होतं. तरुणानं ट्यूब पुढे केली. चाचांनी ती बाजूला ठेवली.

"कपाटाच्या दाराला चांगली आहे ही. दांडीवर रोज अंगठा घासतो, घाम लागतो. हिला नस नाही बेटा, कडेनं सुटेल."

त्यांनी तुकड्यांच्या पेटीतून महोगनीचा जुना तुकडा शोधला. त्याच्या दोन बारीक ढलप्या काढल्या, नशीला नस जुळवली, सरस लावून बांधून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वरचं लाकूड पटाशीनं उतरवून बारीक पॉलिश पेपर मारला.

"जोड दिसतोय," तरुण म्हणाला.

"दिसू दे. हात अडतोय का?"

अडत नव्हता.

उरल्या दोन बारीक चिरा. त्याला घाई खरी यांचीच होती. "या आधी भरायला हव्या होत्या," तो म्हणाला, आणि मग अडखळत बाकीचं सांगितलं. नऊ वर्षांचा असताना बाबांनी कार्यक्रमाला नेलं नाही, म्हणून त्यानं कर्कटकाच्या टोकानं त्या ओढल्या होत्या. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

चाचांनी त्याचा अंगठा धरून चिरांवर ठेवला.

"ताजी चीर टोचते. ही टोचते का?"

"नाही."

"पॉलिश पेपर लागलेला नाही इथं. कागद लागला असता तर आजूबाजूचं लाकूडही बसलं असतं. ही कड वाजवून गोल झालीय. किती वर्षं वाजवत होते नंतर?"

"वीस असतील."

चाचांनी विरघळवलेल्या चपडा लाखेची बाटली उघडली, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळला. ढलप्यांवर हात देऊन झाल्यावर चिरांपाशी ते थांबले आणि त्यांनी तरुणाकडे पाहिलं.

"भरू?"

तो बराच वेळ अंगठा हलवत राहिला. मग म्हणाला, "नको चाचा. पण घाम आत मुरायला नको."

चाचांनी बोळा त्याच्या हातात दिला. "दाबू नकोस. नशीच्या दिशेनं, हलकेच."