वाङ्मयाची पारख

॥ श्री गणेशाय नमः ॥ श्री शारदायै नमः ॥



तीर्थरूपांच्या आज्ञेवरून या खेपेचे निरूपण आम्ही लिहीत आहोत. आमचे वय लहान आणि शिक्षणही शाळेपुरतेच. तेव्हा जे उणे असेल ते आपण वडीलकीने सांभाळून घ्यावे, ही प्रारंभीच विनंती.

आम्ही विषय घेतला आहे तो वाङ्मयाचा. देवळाच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या मंदिरात पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत जे नित्य चालते, ते सर्व शब्दांच्या आधारे चालते. आरती हे काव्य, अभंग हे काव्य, पारायणाची पोथीही काव्यच. गणेशवंदनानंतर आपले पूर्वज जिच्यापुढे हात जोडीत आले ती शारदा वाणीची देवता आहे. म्हणून कोणत्या वाणीस वाङ्मय म्हणावे आणि तिची पारख कोणी व कशी करावी, हा विचार मंदिरात बसून करण्याजोगाच आहे.

या विचारावर आणखीही एक गोष्ट अवलंबून आहे. ज्यास आपण वाङ्मय म्हणतो ते सोवळ्यात गुंडाळून जपतो. ज्यास म्हणत नाही ते रद्दीच्या तराजूत पडते. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेली आपली मराठी घरे जुने वाडे सोडून नव्या इमारतींत जात आहेत. माळ्यावरचे गाठोडे उपसताना पोथी निघाली तर ती देवघरात जाते. आजीच्या हातची ओव्यांची, मंगळागौरीच्या गाण्यांची, पाळण्यांची वही निघाली तर तिचे काय होते, हे ज्याचे त्याने मनात पाहावे.

आता प्राचीन आचार्य काय सांगतात ते पाहू. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहवासास काव्य म्हटले. वामनाने रीतीस, म्हणजे विशिष्ट पदरचनेस, काव्याचा आत्मा मानले. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने सांगितले की काव्याचा आत्मा ध्वनी होय. उच्चारलेल्या अर्थापलीकडे जो अर्थ मनात उमटतो, तो ध्वनी. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने रसयुक्त वाक्यास काव्य ही पदवी दिली. चार आचार्य, चार मते. आणि त्यांचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु या चारही लक्षणांत एक गोष्ट कोठेच आढळत नाही. काव्य कागदावर लिहिलेलेच असावे, कर्ता पंडितच असावा, किंवा तो पुरुषच असावा, अशी अट त्यांपैकी एकाही लक्षणात नाही.

पारख कोणी करावी, या प्रश्नाचे सर्वांत रसाळ उत्तर राजशेखराने दिले आहे. सुमारे इसवी सन ९०० च्या काळात कनोजच्या प्रतिहार दरबारात हा कवी होऊन गेला. त्याचे कुळ यायावर, आणि आपल्या पणजोबास, अकालजलदास, तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवितो. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाशी आपल्या नगरीचे जवळचे नाते आहे. सन १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून हाच ग्रंथ बडोद्याहून प्रकाशित झाला. पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखिते ज्यांनी तपासली, ते चिमणलाल दलाल त्याच्या दोन संपादकांपैकी एक होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने हे कार्य झाले. जुनी पाने कोणी रद्दी मानली नाहीत, म्हणून हजार वर्षांपूर्वीचा हा आचार्य आज आपणांशी बोलू शकतो.

राजशेखर म्हणतो, प्रतिभा दोन प्रकारची आहे. कवीस उपकारक ती कारयित्री, आणि रसिकास उपकारक ती भावयित्री. कवीच्या श्रमरूपी वृक्षास फळ येते ते या दुसरीमुळे. ती नसेल तर तो वृक्ष वांझच राहावयाचा. केवढा हा विचार! ऐकणारा आणि वाचणारा हाही वाङ्मयाचा अर्धा धनी आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधानाची याचना करतात, तिचे मर्म आम्हांस येथे उलगडते. बोलणाऱ्याने जीव ओतावा आणि ऐकणाऱ्याने तो झेलावा, तेव्हा वाणीचे वाङ्मय होते.

या भावकांचे, म्हणजे पारख करणाऱ्यांचे, चार वर्ग त्याने सांगितले आहेत. पहिला अरोचकी, यास काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा. यास सर्वच गोड लागते. तिसरा मत्सरी, यास गुण दिसतो, परंतु दुसऱ्याचा गुण तोंडाने कबूल करवत नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो शब्दांची गुंफण ओळखतो, रसात बुडतो आणि आतील तात्पर्य शोधतो. असा परीक्षक हजारांत एखादाच, असे राजशेखर म्हणतो.

सज्जनहो, हे चारही जण आपल्या सभामंडपात बसलेले असतात. कीर्तन संपले न संपले तोच नाक मुरडणारा पहिला. चित्रपटाच्या चालीवर जोडलेले कसलेही भजन ऐकून मान डोलावणारा दुसरा. ‘त्यांच्या घरची आरती, त्यात काय एवढे?’ म्हणणारा तिसरा. आणि एक शब्द कानी पडताच डोळे मिटून स्तब्ध होणारी, कोपऱ्यातील एखादी वृद्ध माउली चौथी. तिला काव्यमीमांसेचे नाव ठाऊक नसेल. अधिकार मात्र तिचाच.

हे आम्ही केवळ भावनेने म्हणत नाही. स्वतः राजशेखराने आपल्या ग्रंथात पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नावानिशी नोंदविली आहेत. स्त्रियाही पुरुषांप्रमाणे कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो आणि तेथे स्त्री-पुरुष भेद नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

आता आपल्या ओवीकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सन ११२९ चा. तोही पुढे बडोद्याच्या याच ग्रंथमालेत छापला गेला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली सन १२९० मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. ज्या छंदाने गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणले, त्याचे नाव आधी उखळ-मुसळापाशी गाजत होते! आपल्या वाङ्मयाचा राजमार्ग स्वयंपाकघराच्या ओसरीवरून निघाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

यावर कोणी शंका घेईल की, जे जे गायिले ते ते वाङ्मय मानावे काय? तसे मानले तर आपणच गवत खाणारे ठरू. पारख हवीच. मोठेपणा आकारावर मोजता येत नाही. दासोपंतांचा ‘गीतार्णव’ परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजारांची. दासोपंतांची योग्यता थोर आहे, परंतु पारायण घरोघरी होते ते ज्ञानेश्वरीचे. तसेच केवळ लोकप्रियता हीही कसोटी अपुरी आहे. लोकांच्या मुखी राहिल्याने ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. सन १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले. लोकांनी प्रेमाने धरून ठेवावे आणि जाणत्याने निवडून शुद्ध राखावे, असे दोन्ही हात लागले तेव्हा तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

मग सामान्य गृहस्थाने कोणती कसोटी लावावी? आम्हांस तीन प्रश्न सुचतात. पहिला : यातील एखादा शब्द काढून दुसरा घातला तर काही हरवते काय? दुसरा : सांगितले त्याहून अधिक काही मनात उमटते काय? तिसरा : दहाव्यांदा ऐकतानाही ते आपणांस काही नवे देते काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर रचना छापील असो की तोंडी, तिला वाङ्मय म्हणण्यास संकोच करू नये.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण याच कसोटीचे आहे. सन १८८० साली आसोदे येथे जन्मलेल्या या शेतकरी माउलीस अक्षरओळख नव्हती. शेतात, घरकामात, जात्यापाशी त्यांना गाणी सुचत. पुत्र सोपानदेव यांनी व घरातील एका आप्ताने ती टिपून ठेवली. सन १९५१ मध्ये त्या निवर्तल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि सन १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. अत्र्यांच्या रूपाने तत्त्वाभिनिवेशी भेटला, हे खरे. परंतु त्याआधी घरच्या कोणीतरी ती वही जपली होती. ती रद्दीत गेली असती, तर मराठी भाषेचे केवढे धन हरपले असते, आणि हरपले हेसुद्धा कोणास कळले नसते! पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जी संपत्ती घरोघर विखुरली होती, तिचा विस्तार तेव्हा ध्यानात आला.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहतो. मुलांची शाळा, बाजार, कचेरी येथे अन्य भाषा चालते, आणि त्या भाषांचा आदर आपण राखावाच. परंतु म्हणूनच आपल्या घरच्या ओवीस ऐकणारा कान कमी होत चालला आहे. गाणारी आजी अद्याप आहे. झेलणारी भावयित्री प्रतिभा मात्र दारातून बाहेर पडत आहे. कारयित्री प्रतिभा ईश्वर देतो. भावयित्री प्रतिभा घरात बसून, ऐकून, अवधान देऊन जोपासावी लागते. ते काम आपल्या हातचे आहे.

म्हणून विनंती इतकीच की, प्रत्येक घराने आपल्याकडील जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडावी. वही नसेल तर वडीलधाऱ्या माउलीजवळ बसावे, नातवंडाच्या हाती लेखणी द्यावी, आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत, न सुधारता, उतरवून घ्यावे. कोणाच्या आईची, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगी म्हणावयाची, हेही शेजारी लिहावे. तीन प्रश्नांची कसोटी मागाहून लावता येईल. जे उतरलेच नाही त्यास कसोटी कसली लावणार?

श्री शारदा आपणां सर्वांस निर्मळ कान आणि निर्मत्सर मन देवो, ही प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥