आजचं चिंतन : पेरून निघून जाणं (गीता २.४७)

फळाची आशा सोडायची, म्हणजे परिणामाची जबाबदारीही सोडायची का? नाही हो! भूसुरुंग पेरणारा निघून जातो. युद्ध संपतं, पण सुरुंग जागाच असतो; पाऊल सैनिकाचं की लेकराचं, तो बघत नाही.

१९९५ मध्ये मोझांबिकमध्ये सुरुंग हटवण्याच्या कामावर असताना ख्रिस मून यांनी उजवा हात आणि उजवा पाय गमावला. पेरलं दुसऱ्यानं, भोगलं यांनी. तरी पुढच्याच वर्षी ते कृत्रिम पायावर लंडन मॅरेथॉन धावले, ४२ किलोमीटर! पुढेही सुरुंगग्रस्तांसाठी धावत राहिले. फळाची आशा नाही, पण जबाबदारी घेतलेली. निष्काम कर्म हेच ना?

माझा कोड मी कंपनी सोडल्यावरही चालतो, आणि रागात बोललेला शब्दसुद्धा. आज मी मागे काय पेरून आलो? झोपण्याआधी एवढंच आठवूया.