‘गण गण गणात बोते’चा अर्थ
बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी संत गजानन महाराज प्रथम दिसले. ८ सप्टेंबर १९१० रोजी तिथेच त्यांनी समाधी घेतली. ‘गण गण गणात बोते’ हा जप त्यांच्या ओठी अखंड असे, आणि त्यावरूनच त्यांना गजानन हे नाव पडले, असे परंपरा मानते. महाराजांनी स्वतः त्या जपाचे भाष्य मागे ठेवले नाही.

दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात गण म्हणजे जीवात्मा. तो ब्रह्माहून वेगळा नाही, हे ‘गणात’ सुचवते. ‘बोते’ला तिथे अपभ्रंश मानले आहे. काही भक्त ‘गिणगिण’ असा पाठ म्हणतात.

अर्थ ठरलेला नसताना मंत्र खरा कसा? हा प्रश्न फार जुना आहे. वेदमंत्रांना अर्थच नाही, असे कौत्स या प्राचीन आचार्याचे मत यास्काने ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात नोंदवून खोडून काढले. शेगावच्या जपाबाबत यास्काचीच बाजू घ्यावी लागते. नादाने मन स्थिरावते, हे खरेच. पण अर्थ कळला की प्रत्येक जिवाशी तो ब्रह्मच आहे असे मानून वागण्याची जबाबदारी येते. म्हणून अर्थ अनेक असले, तरी जीव-ब्रह्माच्या ऐक्याला बाध आणणारा अर्थ या जपाला लावणे चूकच.